माप दिलंय, सायकल यायचीय

“मृत्युपत्र करून टाकलं. घर बायकोला, बँकेतले पैसे मुलांना आणि सायकलीच्या रांगेतला माझा नंबर थोरल्या नातवाला.”

हाताने घडवलेल्या सायकलीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहणारी माणसं अमेरिकेत किंवा इंग्लंडात एकत्र जमली, की या जातीचे विनोद सुरू होतात. एक सांगतो, ऑर्डर दिली तेव्हा माझं लग्न ठरत होतं. आता लेक विचारते, बाबा, आधी माझी सायकल येणार की तुमची? दुसरा म्हणतो, माझ्या सायकलीचं काम जोरात आहे, तिचं लोखंड परवाच खाणीतून वर आलं. तिसऱ्याचे दोन्ही गुडघे बदलून झालेले असतात. तो कारागिराला कळवणार असतो, की एवढा उशीर झालाच आहे तर आता तीनचाकीच करा. सगळे हसतात, कॉफी संपवतात आणि आहेत त्या सायकलींवर बसून पुढच्या घाटाला लागतात. रांगेतलं नाव मात्र सहसा कुणी काढून घेत नाही.

या मंडळींचं एक ठरलेलं उत्तर आहे. “काय, कुठवर आली सायकल?” असं विचारलं की म्हणायचं, “रंगाला गेलीय.” आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर शिंप्याच्या दुकानात उभं राहिलेल्या कुणालाही हे उत्तर ओळखीचं वाटेल. कापड अजून ठाणातच असतं आणि शिंपी सांगतो, “झालंच आहे, फक्त काजं-बटणं राहिलीत.” गिऱ्हाइकाला खरं काय ते कळतं, शिंप्यालाही कळतं की त्याला कळलंय, आणि तरी दोघं दुसऱ्या दिवशीचा वायदा करतात. त्या देवघेवीत एक विश्वास असतो. या कपड्याचं माप माझं आहे, तो दुसऱ्या कुणाला होणार नाही, तेव्हा तो शेवटी माझ्याकडेच येणार. सायकलीच्या रांगेतला विनोद याच विश्वासावर उभा आहे. तो विनोद मला फार आवडतो आणि त्याच्यामागचं काम त्याहून आवडतं, म्हणून हा लेख.

आधी काम काय असतं ते पाहू. सायकलीची फ्रेम म्हणजे दिसायला नळ्यांचा त्रिकोण आणि मागे दोन बारीक त्रिकोण, एवढंच. पण चांगल्या पोलादी फ्रेमची नळी आतून सगळीकडे सारखी नसते. टोकांना, जिथे ती झाळली जाते आणि ताण येतो, तिथे भिंत जाड. मधल्या लांबीत पातळ. आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स या बर्मिंगहॅमच्या माणसाने १८९७ साली अशा नळीचं पेटंट घेतलं. पुढे १९३५ मध्ये त्याच्या कंपनीची ‘५३१’ नावाची नळी आली आणि कित्येक दशकं शर्यतीच्या सायकलींचा तोच कणा राहिला. अशा नळीच्या टोकाला ०.९ मिलिमीटर जाडी असेल, तर मध्ये ०.६. बोटाने टिचकी मारली तर टोकाचा आवाज वेगळा आणि मधला वेगळा. पाणी भरायच्या आधी मडकं वाजवून बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

या नळ्या एकमेकींना मिळतात तिथे एका नळीच्या टोकाला दुसरीच्या गोलाईत नेमकी बसेल अशी चंद्रकोरीसारखी खाच घ्यावी लागते. करवतीने कापायची, मग कानशीने घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. दिव्यासमोर धरली आणि फटीतून उजेड आला तर अजून काम बाकी आहे. जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्ये प्रत्येक जोडावर पोलादाची बाही असते. कारागीर तिला ‘लग’ म्हणतात. ही बाही बाजारातून येते तेव्हा जाडजूड आणि ओबडधोबड असते. तिच्या कडा कानशीने घासून पातळ करायच्या, टोकं निमुळती करायची. एकेका लगवर तास जातात. नंतर झाळकाम. चांदीच्या मिश्रधातूने झाळायचं तर साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सिअस आणि पितळेने झाळायचं तर ९०० च्या आसपास. तापमापक कुणी लावत नाही. पोलादाचा रंग बघून ज्वाला मागे घ्यायची. कमी तापलं तर धातू आत ओढला जात नाही आणि जोड वरून छान, आतून पोकळ राहतो. जास्त तापलं तर पातळ नळीचं बळ जातं.

शिवाय तापलेलं पोलाद निवताना ओढ घेतं. सरळ ठेवलेली फ्रेम झाळल्यावर केसभर वाकडी होते. म्हणून कोणता जोड आधी आणि कोणता नंतर याचा क्रम असतो, तो प्रत्येक कारागिराचा स्वतःचा. मग फ्रेम सपाट पोलादी पाट्यावर ठेवून मापायची, चाक मधोमध बसतंय का पाहायचं. शेवटी पुढचा चिमटा. त्याला किती बाक द्यायचा यावर सायकलीचा स्वभाव ठरतो. उतारावर हात सोडले तरी ती सरळ जाईल, की प्रत्येक खड्ड्याला मान वळवेल, हे त्या काही मिलिमीटरमध्ये आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरात सायकल होती ती वडिलांच्या उंचीची. आम्ही भावंडं तिच्या मधल्या नळीखालून पाय घालून, कमरेत तिरके होऊन, हाफ पायडल मारत शिकलो. नंतर सीटवर बसायला लागलो तेव्हा पाय टेकत नव्हते म्हणून प्रत्येक थांब्याला कट्टा शोधायचो. भारतात करोडो मुलं अशीच शिकली. लुधियानाची हिरो सायकल कंपनी १९५६ साली सुरू झाली आणि १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीजच्या पुस्तकात गेली. त्या काळ्या सायकलींनी या देशाचं दूध, वर्तमानपत्रं, डबे आणि शाळकरी पोरं वाहिली; त्यांचं ऋण मी कधीच विसरणार नाही. पण सायकल आपल्या अंगाला बसू शकते, ही कल्पनाच आमच्या मनात आली नव्हती. आपणच तिला बसायचं असतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

म्हणून एखादा कारागीर गिऱ्हाइकाला भिंतीला टेकवून उभं करतो, पायाची आतली लांबी, धड, हात, खांद्याची रुंदी मोजतो, कंबर किती वाकते हे बघतो आणि विचारतो, “सायकल कशासाठी हवी? पाठ कुठे दुखते?” हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉर्जिना टेरी या यांत्रिकी शिकलेल्या बाईंनी १९८५ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या फ्रेमच्या सायकली विकायला सुरुवात केली. उंची कमी असली की नेहमीच्या मोठ्या चाकावर फ्रेम लहान करता करता पुढचं चाक पायाला लागतं आणि हँडल लांब जातं. त्यांनी त्यावर उपाय केला तो पुढचं चाक २४ इंची करण्याचा. पाच फूट उंचीच्या किती बायका ‘मला सायकल जमत नाही’ म्हणून आयुष्यभर गप्प बसल्या असतील! जमत नव्हती ती सायकल.

आता रांगेचा हिशोब. समजा, एकटा कारागीर आठवड्याला एक फ्रेम पुरी करतो. सुट्ट्या, ताप, वाकलेली नळी, न आलेला रंग धरून वर्षाला ५०. त्याच्या वहीत ३५० नावं आहेत. शेवटच्या माणसाला सात वर्षं थांबावं लागणार. त्याने कितीही जीव तोडून काम केलं तरी यात फार तर काही महिन्यांचा फरक पडेल. किंमत वाढवली तर रांग थोडी कमी होईल, पण मग ज्याच्यासाठी सायकल बनवायची तो शाळामास्तर किंवा टपालवाला रांगेतून बाहेर पडेल. माणसं ठेवली तर फ्रेम जास्त होतील, पण कानस दुसऱ्याच्या हातात जाईल. यातून सगळ्यांचं समाधान होईल अशी वाट मला दिसत नाही. रांगेत उभं राहणाऱ्यांना हा हिशोब पाठ असतो. त्यांचा विनोद कारागिरावर नसतोच मुळी. एका माणसाला दोनच हात असतात, या गोष्टीवर असतो.

या सगळ्या गप्पांत अमेरिकेत एक नाव हमखास निघतं, रिचर्ड सॅक्स. १९५३ चा जन्म. अमेरिकेत १९७० च्या सुमारास सायकलींची मोठी लाट आली होती; १९७३ या एका वर्षात तिथे सुमारे दीड कोटी सायकली खपल्या. त्या लाटेच्या काळातच या तरुण पोराने वर्तमानपत्रातली जाहिरात बघून व्हरमाँटमधल्या सायकल दुकानातल्या नोकरीसाठी बस पकडली. तिथे पोहोचला तर जागा भरलेली. मग त्याने इंग्लंडमधल्या तीसेक फ्रेम बनवणाऱ्यांना पत्रं टाकली: पगार नको, शिकवा फक्त. उत्तरं आली तीन. दोन नकाराची. तिसरं लंडनच्या डेप्टफर्ड भागातल्या विटकम यांच्याकडून, ‘ये’ म्हणून. १९७२ मध्ये तो गेला. पीटर वायगल आणि बेन सेरोटा हे पुढे मोठे झालेले दोन अमेरिकन कारागीरही याच विटकमांकडे शिकले. एका लहानशा कौटुंबिक दुकानाने समुद्रापलीकडचं एक अख्खं घराणं उभं केलं, हे आपल्या गाण्याच्या घराण्यांसारखंच वाटतं मला. गुरू एक, आणि शिष्यांची गायकी तीन तऱ्हांची.

सॅक्सने १९७५ पासून स्वतःच्या नावाने काम सुरू केलं, कनेटिकट राज्यातल्या चेस्टर गावात. नंतर तो मॅसॅच्युसेट्सला गेला. एकटाच बसतो, पोलादाचीच फ्रेम करतो, लग लावून. रांग अनेक वर्षांची झाली तरी त्याने कारखाना काढला नाही. मला त्यातली दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते. पन्नास वर्षं एकच वस्तू करताना माणसाला कंटाळा येत नसेल का? दर फ्रेमला नळ्या त्याच, लग तेच, कानस तीच. पण माणूस दर वेळी वेगळा. कुणाचे हात लांब, कुणाचा एक पाय आखूड. मिरजेतले तंबोरे करणारे कारागीर सांगतात तसंच हे असावं. भोपळा भोपळ्यासारखा नसतो आणि गळा गळ्यासारखा नसतो, म्हणून काम रोज नवं राहतं.

या वेडाची दुसरी पिढी पोर्टलंडला, ऑरेगन राज्यात वाढली. तिथल्या साशा व्हाइट या एकेकाळी सायकलवरून टपाल पोचवणाऱ्या तरुणाने १९९९ मध्ये ‘व्हॅनिला’ नावाने फ्रेम बनवायला सुरुवात केली. २००५ साली ह्यूस्टनमध्ये हातघडणीच्या सायकलींचं पहिलं मोठं अमेरिकी प्रदर्शन भरलं आणि मग वर्षागणिक भरत गेलं. तिथे लोकांनी लगवरची नक्षी, रंगाचे थर, पितळेच्या घंटा जवळून पाहिल्या आणि नावं नोंदवायला सुरुवात केली. व्हाइटची रांग इतकी लांबली की त्याने नवीन नावं घेणंच बंद केलं. वाट पाहणाऱ्यांच्या विनोदांत यानंतर एक नवा अंक आला: “आमची रांग आहे.” “कशाची?” “रांगेत उभं राहू द्या म्हणून.” पण मला तो निर्णय फार सच्चा वाटतो. पाचशेवं नाव घेताना कारागिराला माहीत असतं, की आपण एका अनोळखी माणसाच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल शब्द देत आहोत. तेवढं आयुष्य आपल्या हातात आहे का, हे विचारून वही मिटणारा माणूस गिऱ्हाइकाचा मान राखतो.

२०१० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ आर्ट्स अँड डिझाइनमध्ये हातघडणीच्या सायकलींचं प्रदर्शन झालं. सहा कारागीर निवडले होते. त्यांत सॅक्स, वायगल आणि व्हाइट होते, आणि इटलीचा डारिओ पेगोरेत्ती होता. पेगोरेत्तीने आपल्या सासऱ्यांकडून हे काम शिकून घेतलं आणि बराच काळ दुसऱ्यांच्या नावाने फ्रेम बनवल्या. मोठमोठ्या शर्यतपटूंच्या सायकलींखाली त्याचे जोड होते आणि वर भलत्याचंच नाव. त्याच्याकडे रंगाचा एक प्रकार असा होता, की गिऱ्हाइकाने काही सांगायचंच नाही. सायकल कोणत्या रंगाची येईल हे खोकं उघडल्यावर कळणार. लोक थांबायचे, पैसे द्यायचे आणि वर रंगही त्याच्या हवाली करायचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. त्याच्या माणसांनी काम चालू ठेवलं. एखाद्याचं नाव वहीत असताना वही लिहिणाराच जावा, ही शक्यता रांगेतला प्रत्येक जण मनात कुठेतरी बाळगून असतो. त्या गोष्टीवर मात्र कुणी विनोद केलेला मी ऐकला नाही.

इथे या धंद्याची दुखरी बाजूही सांगायला हवी. अनामत रक्कम हातात आली की ती खर्च होते. नळ्या आणायच्या असतात, भाडं भरायचं असतं. मग मागच्याचं काम पुढच्याच्या पैशांतून, असं चक्र सुरू होतं. उत्तम झाळकाम करणारा माणूस हिशोबातही उत्तम असेलच असं नाही. एक दिवस तो फोन उचलेनासा होतो. पत्रांना उत्तर देत नाही, कारण काय सांगावं हेच त्याला सुचत नाही. अशा वेळी रांगेतला विनोद आंबतो. सात वर्षं थांबायला माणसं तयार असतात. ‘थांबा’ एवढंही कुणी न सांगितलेले सात महिने त्यांना सोसत नाहीत. त्यांचा राग मला पूर्ण पटतो. घेतलेल्या पैशाला उत्तर द्यायला कारागिरी आड येऊ नये. पण जो फोन उचलत नाही त्याचीही रात्रीची झोप उडालेली असते, हेही खरं. मोठ्या कार्यशाळाही यातून सुटलेल्या नाहीत. इंग्लंडच्या डर्बीमधलं १९४६ पासूनचं मर्सियन हे नामांकित दुकान २०२४ च्या मे महिन्यात बंद पडल्याची बातमी आली, तेव्हा कितीतरी सायकलवाल्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. पुढे नव्या मालकांनी ते उचलून धरलं.

पुण्याच्या जुन्या लोकांना रांग म्हटलं की सायकल आठवत नाही, बजाजची स्कूटर आठवते. आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटर मिळायला परवाना-कोट्याच्या त्या काळात दहा-दहा वर्षं लागायची. लोक मुलगा कॉलेजात गेला की नोंदवून ठेवत, नंबर लागला की लग्नात देत. नंबराचेच पैसे व्हायचे. विनोद तेव्हाही होते आणि कडवट होते. कारण ती वाट सरकारने घातलेल्या उत्पादनाच्या मर्यादेमुळे होती. जास्त स्कूटरी बनवता येत असूनही बनवू दिल्या जात नव्हत्या. आलेली स्कूटर शेजाऱ्याच्या स्कूटरसारखीच असायची. दोन्ही रांगा वर्षांत मोजल्या तर सारख्या दिसतील, पण एकीत माणूस ताटकळतो आणि दुसरीत त्याच्या नावाचं काहीतरी घडायचं असतं. पुण्यातच आता ‘बांबूची’ या नावाने बांबूच्या फ्रेमच्या सायकली हाताने बनतात. बांबू निवडणं, वाळवणं, जोड बांधणं हे सगळं हाताचं काम. घाई तिथेही चालत नाही.

जपानमध्ये हाच हाताचा माल रोजीरोटीचा आहे. तिथे १९४८ मध्ये कोकुरा शहरात केइरिन ही पैजेची सायकल शर्यत सुरू झाली. तिच्यात भाग घेणाऱ्यांनी मान्यताप्राप्त कारागिराने बनवलेली पोलादी फ्रेमच वापरायची, असा नियम झाला, म्हणजे कुणाला यंत्राचा गैरफायदा मिळू नये. त्यामुळे लहान लहान कार्यशाळा टिकल्या. इटलीत शिकून परतलेले योशिआकी नागासावा हे त्यांतले एक. त्यांच्या फ्रेमवर बसणारा कोइची नाकानो १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षं जगज्जेता होता. तिथला शर्यतपटू आपल्या कारागिराकडे जातो तो छंद म्हणून नाही, सुतार धार लावायला पटाशी घेऊन जातो तसा.

आता सगळ्या विनोदांतला सर्वांत जुना विनोद. “माप दिलं तेव्हाचा मी आणि आताचा मी वेगळा आहे.” पोटाकडे हात करून हे सांगतात आणि सगळे हसतात, पण यात फार मोठं तथ्य आहे. एडी मर्क्स हा बेल्जियमचा थोर शर्यतपटू १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआ इथल्या ट्रॅकवर पडला आणि त्याच्या कमरेला जबर मार बसला. त्यानंतर सीटची उंची त्याच्या अंगाला कधी नीट बसलीच नाही. तो शर्यत चालू असताना खिशातला पाना काढून सीट वर-खाली करायचा. सोसवेल अशी बैठक त्याने कारकीर्दभर शोधली. अंग थांबत नाही. चाळिशीत जे पुढे वाकणं सहज होतं, ते पन्नाशीत मानेला टोचतं.

म्हणून समजूतदार कारागीर नंबर लागला की जुन्या चिठ्ठीवर काम सुरू करत नाही. तो गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावतो. पुन्हा भिंतीशी उभं करतो. पायाची लांबी तीच असते. हात तेच. कंबर पूर्वीइतकी वाकत नाही, तेव्हा हँडल तीन सेंटिमीटर वर घ्यायचं. खांदा मध्यंतरी मोडून जुळलाय, तेव्हा पुढची लांबी थोडी कमी. जुन्या ओळीशेजारी नवी ओळ, पेन्सिलीने. दोन्हींमधल्या अंतरात एका माणसाची सात वर्षं असतात. गिऱ्हाईक बूट घालता घालता विचारतो, “मग आता किती दिवस?” कारागीर कोपऱ्यातली नळी उचलतो, दोन्ही टोकांना टिचकी मारून कान देतो आणि व्हाइसमध्ये अडकवतो.